चकाकी जायच्या आत

"पुन्हा दगड केलास तू याचा," त्र्यंबकराव मास्कआडून पुटपुटले. पेशंटला ऐकू जाऊ नये इतकं हळू, आणि बायकोला लागावं इतकं जवळून.

मंदाकिनीनं काचेच्या लादीवरचा आळलेला गोळा खरवडून काढला. वर्तकनगरच्या या दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरांची बायको कमी आणि नर्स जास्त. दातात भरायचं हे नवं सिमेंट आल्यापासून ते कालवायचं काम तिचंच.

खुर्चीत चेंदणी कोळीवाड्यातल्या आवडाबाई आ वासून बसल्या होत्या. जन्मभर मिसरी घासघासून त्यांच्या दातांना हिरडीलगत खाचा पडलेल्या. गार पाणी लागलं की थेट मस्तकात कळ. पूर्वी अशा खाचेत चांदी भरायची, तर ती टिकायला चांगला दातही कोरावा लागे. हे सिमेंट दाताला आपणहून चिकटतं, वर किडीला आळा घालणारं फ्लोराइड थोडं थोडं सोडत राहतं. गुणाचंच म्हणायचं, पण हट्टी. भुकटी आणि द्रव कालवला की गोळा ओला चकाकतो; ती चकाकी आहे तोवरच तो दातावर बसला पाहिजे. निस्तेज झाल्यावर लावला तर बसल्यासारखा दिसतो आणि चार दिवसांत भाकरीबरोबर पोटात जातो.

आवडाबाईंचं दोनदा असंच पोटात गेलं होतं. इतरांचंही जात होतं. आधी दोष कंपनीचा निघाला, म्हणून कंपनी बदलली. मग ठाण्याच्या दमट हवेचा निघाला. हवा काही बदलता येईना. उरली मंदाकिनी.

लादी गार असली की सिमेंट जरा उशिरा धरतं. म्हणून ती लादी फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायची आणि कोरडी पुसून घ्यायची. तेवढाच वेळ मिळायचा, आणि तो हवाच होता. कारण गोळा घेतलेलं हत्यार हल्ली दाताशी जाई, थबके, मागे येई, पुन्हा जाई. लादी गार का, हे त्र्यंबकरावांनी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दोघंही शिकलेली माणसं.

त्र्यंबकरावांनी मास्क खाली ओढला. "आवडाबाई, मिसरी चालूच आहे ना? मग सिमेंट तरी काय करणार बिचारं."

आवडाबाईंनी गालातला कापूस काढून हातात घेतला. "नाय वो डॉक्टर. वरीस झाला सोरून. डबी एकवीरा आईच्या पायाशी ठेवून आलेय."

"सगळ्या बायका असंच सांगतात."

"सगल्या सांगत आसतील. मी आईच्या नावानं खोटा बोलन?" त्या मंदाकिनीकडे वळल्या. "बाय, तुमी रोज तोंडं बघता. माज्या दातांवर काला डाग दिसतो का कुठं?"

दिसत नव्हता. मंदाकिनीच्या ते पहिल्या खेपेलाच लक्षात आलं होतं.

"मंदा, नवीन कालव," त्र्यंबकराव म्हणाले. "या वेळी नीट. आणि तुम्ही, आवडाबाई, निदान दवाखान्यात तरी खरं बोलत जा."

मंदाकिनीचे कान तापले. आपल्यावरचा आळ ती गिळत आली होती. घरातलं माणूस, म्हणून गिळायचं. पण या बाईनं हाताची सवय तोडून देवीपुढे ठेवली, आणि तिला खोटं पाडायचं, कशासाठी? तर एका माणसाची मान ताठ राहावी म्हणून. आणि आपण शेजारी उभं राहून ते पाहायचं.

तिनं भुकटी ओढली, दोन भाग केले, द्रवात झरझर कालवली. गोळा लादीवर लोण्यासारखा चकाकला. तिनं तो पुढे केला नाही.

"द्या ना," त्र्यंबकराव म्हणाले. पेशंटसमोर ते तिला अहोजाहो करत, आठवलं की.

"हे बघा. चकाकतंय. मघाचंही चकाकत होतं, त्याच्या आधीचंही."

"मग?"

"मग दातापर्यंत पोचेस्तोवर मरतं. यांची मिसरी नाही त्याला कारण, आणि माझं कालवणंही नाही."

आवडाबाईंनी तोंड मिटलं.

"अहो," मंदाकिनी म्हणाली, "तुमचा हात थरथरतो."