खिडकीबाहेरचं रान

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये धनश्री साड्यांची डिझाइनं काढायची. दिवसभर कॉम्प्युटरवर पानं, फुलं, मोर. गिऱ्हाईक म्हणेल तसे. रविवारी मात्र गोडादऱ्याच्या घरात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ती स्वतःची चित्रं रंगवायची. त्यांत ना पान असायचं ना फूल. करडा, मातकट, पिवळा असे रंग एकमेकांत उतरलेले, मधूनच पांढरे फटकारे. नवरा वाल्मिक कौतुकाने बघायचा आणि विचारायचा, हे नेमकं काय आहे म्हणून. तिला सांगता यायचं नाही.

सांगायचं तर मावशीपासून सुरुवात करावी लागली असती. धनश्री तान्ही असताना आईवडील सुरतेला लूमवर कामाला आले आणि पोरीला गिरणाकाठच्या गावी इंदुमावशीकडे ठेवलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. धनश्री नऊ वर्षांची झाली तेव्हा, दिवाळीनंतर, वडील तिला शाळेसाठी न्यायला आले. त्या सकाळी मावशीने वेणी घालून दिली आणि ती कामाला निघून गेली. एसटीपर्यंतही आली नाही. गाव संपून रान लागलं तरी धनश्री खिडकीतून बघत राहिली. मावशीला आपलं ओझंच झालं होतं, ही समजूत तेव्हा जी मनात बसली ती निघालीच नाही. पुढे जाणं-येणं राहिलं, पण लग्नकार्यापुरतं.

यंदा मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुरतेला आली. पट्टी निघाल्यावर एका रविवारी दुपारी ती भिंतीला धरत जिना चढून वर आली. धनश्री ओशाळली, कॅनव्हास फिरवून ठेवायला उठली. मावशीने तिचा हात धरला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग पांढऱ्या फटकाऱ्यांच्या मधे, जिथे मातकट रंगाशिवाय काही नव्हतं, तिथे तिने बोट टेकवलं.

"मी आठे व्हतू," ती म्हणाली.

इथे म्हणजे कुठे, धनश्रीला कळेना.

"कपाशीमा. तुन्ही गाडी गयी तवय आठेच बठेल व्हतू. मी तुले दिसतू, ते तू गाडीमाईन उतरी येती."

मग मावशीने सावकाश सांगितलं. रस्त्यालगतच्या वावरात ती कापूस वेचत होती. एसटी दिसली तशी, आपल्याला बघून पोर उतरून येईल म्हणून, कपाशीच्या झाडांआड खाली बसली आणि आवाज विरेपर्यंत उठली नाही. पोरगी शिकायला हवी होती, आईची व्हायला हवी होती.

"मग एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस?" धनश्रीने विचारलं.

मावशीने पदराने बोटाला लागलेला रंग पुसला.

राहा म्हटलं तरी ती राहिली नाही. घरी शेळ्या होत्या. वाल्मिकने तिला उधना स्टेशनवर गाडीत बसवून दिलं.

पुढच्या रविवारी धनश्री कोऱ्या कॅनव्हाससमोर बसली, पण हात चालेना. तिने मावशीला फोन लावला. बोलायचं काय ते ठरवलेलंच नव्हतं, म्हणून विचारलं, वावरात सध्या काय आहे. तूर आहे, फुलावर आलीय, मावशी म्हणाली. मग म्हणाली, "ये ना दखाले."

सोमवारी धनश्रीने गावी जायला मिलमध्ये रजा मागितली. रंग बरोबर न्यायचे नाहीत, नुसतं बघायचं, एवढं तिने ठरवलं होतं.