लंडनमध्ये उमटलेली अमावास्या

लालबागच्या चाळीत रविवारी दुपारी शिवाकाकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कारण काय, तर त्यांच्या मेघनाची जन्मतारीख म्हणे आपोआप बदलली! मंडळाच्या वधू-वर ॲपवर इथे दिसे चार ऑगस्ट, श्रावण शुद्ध प्रतिपदा. तिच्या ठरलेल्या नवऱ्याने, सौमित्रने, लंडनला तेच पान उघडलं तर तीन ऑगस्ट, आषाढ अमावास्या.

गूळ दिसला की मुंगळे येतातच, तसे रघुवीर महाराज आले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ अँटॉप हिलला दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. आता अंगावर भगवी शाल आणि हातात दोन फोन.

"माणूस थापा मारतो, यंत्र मारत नाही," महाराज डोळे मिटून म्हणाले. "लपवलेली तिथी साता समुद्रापार उघडी पडली. मुलगी अमावास्येची! एकवीस दिवस आमच्या मठात राहून सेवा करू दे. नाहीतर नवरा वर्ष काढणार नाही."

"माझ्या चेडवाचा आता काय होतला गो?" मेघनाच्या आईने, सुभद्राकाकूंनी, तोंडाला पदर लावला.

"सेवा झाल्याशिवाय साखरपुडा नाही," सौमित्रची आई म्हणाली. या ठाकूरद्वारच्या मृणालिनीबाई, चांगल्या बी.एस्सी. झालेल्या! शाळेच्या दाखल्यावर चार तारीख आहे, हे मेघनाने तीनदा सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? शिवाकाका तर तिची बॅग माळ्यावरून काढत होते.

वैदेही दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती समोरच्या खोलीत राहायची, लोअर परळला सॉफ्टवेअर लिहायची. मंडळाचं ते ॲप तिनेच दोन रविवारांत, फुकटात उरकलं होतं. चूक कुठे झाली ते तिला कळलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिच्या हलगर्जीपणाला हा भोंदू हार घालत होता आणि शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत होती!

"महाराज, तुमचा जन्म कधीचा हो?"

"गुढीपाडवा!" महाराजांनी छाती फुगवून तारीख, वर्ष सगळं सांगितलं.

वैदेहीने ते ॲपमध्ये भरून सगळ्यांना दाखवलं. चैत्र शुद्ध प्रतिपदा. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन भारताच्या जागी लंडनची वेळ लावली आणि पान पुन्हा उघडलं.

"शिवाकाका, मोठ्याने वाचा."

काकांनी चष्मा सावरला. "फाल्गुन... अमावास्या?"

"आयला, महाराजपण अमावास्येचे!" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं आणि चाळ हसली.

"यात चमत्कार नाही, चूक आहे. माझी," वैदेही म्हणाली. "जन्मतारीख म्हणजे नुसता दिवस. तेवढाच ठेवायला हवा होता. मी त्याला घड्याळ चिकटवलं: चार ऑगस्ट, रात्रीचे बारा, भारताची वेळ. आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा लंडनला आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, म्हणून तिथला फोन तीन तारीख दाखवतो. सभा किती वाजता, याला घड्याळ लागतं. जन्मदिवसाला कशाला? आजच दुरुस्त करते."

महाराजांना एकदम मठातल्या आरतीची आठवण झाली. चपला शोधत ते जिन्याकडे सटकले.

"सुटलो बाई!" मृणालिनीबाईंनी निःश्वास सोडला. "मुलगी अमावास्येची नाही."

"आणि असते तर?" मेघनाने विचारलं. "खरंच तीन तारखेला जन्मले असते, तर पाठवलं असतंत मला त्या माणसाच्या मठात? बाबा, तुम्ही बॅग काढलीत माझी."

शिवाकाकांनी बॅग उचलून परत माळ्यावर सरकवली.

"लक्ष्मीपूजन अमावास्येलाच करता ना सगळे?" वैदेही कडाडली. "तेव्हा नाही वाटत भीती? दर अमावास्येला ढिगाने पोरं जन्मतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. दोष तिथीत नसतो. कोणी काही सांगितलं, तर आधी कसं ते विचारा. नाही पटलं तर हाकलून द्या. एवढं जमत नसेल तर शिकलात कशाला?"

मेघनाने सौमित्रला फोन लावला. "तुझ्या आईचं समाधान झालंय," ती म्हणाली. "माझं नाही झालं. मी अमावास्येची असते, तर तू मला मठात पाठवलं असतंस का? आत्ता सांग. साखरपुड्याचं मी त्यानंतर ठरवीन."