एकट्याने उघडायची पेटी

गाडीमागे जोडून न्यायची आमची एक छोटी कॅराव्हॅन आहे. घरात तिला सगळे 'खोली' म्हणतात. आत समोरासमोर दोन पलंग, मधे फळीएवढं टेबल, कोपऱ्यात नळ. मी बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्र्याचं काम करायचो, त्यामुळे जुनी मोडकी खोली घेऊन ती उभी करणं मला जड गेलं नाही. सुट्टी मिळाली की आम्ही दोघं खोली मागे लावून कुठल्यातरी तळ्याकाठी जाऊन राहायचो.

ही गेली त्याला वर्ष होत आलं. लोक घरी येतात, कसे आहात विचारतात, मी बरा आहे म्हणतो. घरात मला दिवसभर बरं असावं लागतं. खोलीत तसं नव्हतं. म्हणून मला एकदा तरी तिथे जाऊन राहायचं होतं.

अडचण सामानाची होती. दारापुढे लावायचा तंबू, खुर्च्या, स्टोव्ह, दोऱ्या, पाण्याचे कॅन, सगळं हिच्या पलंगाखाली. वरची फळी जड. एकाने ती गादीसकट उचलून धरायची आणि दुसऱ्याने वाकून सामान ओढायचं. धरायचं काम हिचं. धरता धरता बोलायचं कामही हिचंच. "लोकांच्या बायका गादीवर झोपतात. मी गोदामावर झोपते," असं म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी एकट्याने ती फळी खांद्यावर घ्यायला गेलो आणि पाठ धरून बसलो. लेकीला कळायचं ते कळलंच.

"बाबा, आता पुरे झालं," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसातले एक जण खोली घ्यायला तयार आहेत. देऊन टाका. आणि तुम्ही आमच्याकडे राहायला या. हे काय नको म्हणतात का?"

"तुझा नवरा काहीच म्हणत नाही. नको तरी कधी म्हणणार?"

ती हसली, पण मुद्दा सोडला नाही. मीही सोडला नाही. शेवटी तिने अट घातली. मी एकट्याने सगळं सामान बाहेर काढायचं, तंबू लावायचा, परत आवरून ठेवायचं. ती हाताची घडी घालून बघणार. जमलं तर ती एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर खोली ऑफिसातल्या माणसाची.

"कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. फळी उचलायची गरजच ठेवायची नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं होतं. सामान बाहेरच ठेवायचं, खोलीच्या अंगाला पेटी बांधून.

पेटी मागच्या बाजूला लावली असती तर काम सोपं होतं. पण मागे वजन झालं की पुढचा भाग उचलला जातो आणि रस्त्यावर खोली शेपटीसारखी हलायला लागते. म्हणून मी पुढची जागा घेतली. गाडीला जोडायचे दोन लोखंडी दांडे जिथे एकत्र येतात, तिथे तिकोनी जागा मोकळी असते. तिथे अँगलचा सांगाडा बसवला. वेल्डिंगला कारखान्यातला जुना जोडीदार आला. अंगाने काडी, म्हणून त्याला सगळे चिमटा म्हणतात.

"एवढी मोठी?" चिमटा म्हणाला. "यात तूच झोपणार आहेस का?"

"तू झोप. तुला पुरून उरेल."

चौकटींची नक्षी असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा वाकवल्या, रिव्हेट मारले. पाणी आत जाऊ नये म्हणून तोंडाला रबराची पट्टी लावली आणि गेलंच तर निघून जावं म्हणून तळाला भोकं पाडली. वरून उघडणारं भलं मोठं झाकण केलं. बंद केलं की असा दबका आवाज यायचा की चिमटा ते उगीचच चार वेळा उघडून लावून बघत होता. मी बाजूला उभा राहून बघत होतो. बऱ्याच दिवसांनी मला माझं काम आवडलं होतं.

चिमट्याच्या मदतीने पलंगाखालचं सामान पेटीत हलवून घेतलं. रविवारी लेक आली. घराच्या पायरीवर बसली, हाताची घडी घातली. मी कडी काढली, झाकण वर केलं आणि तंबूची पिशवी घ्यायला वाकलो.

पिशवी एका हाताने निघेना. तंबू लांब आणि जड, त्याला दोन्ही हात लागतात. दुसऱ्या हातात झाकण. झाकण सोडलं की ते खाली येतं. डोक्यावर पेलून बघितलं, तर वाकता येईना. कोपराने अडवलं आणि दोन्ही हात आत घातले, तर कोपर निसटलं. पण झाकण माझ्यावर पडलं नाही. ते वरच्यावर थांबलं होतं. मागे बघितलं तर लेकीने धरलं होतं.

मी पिशवी बाहेर काढली, तिने झाकण हळू खाली टेकवलं.

"हे आई धरायची ना?" ती म्हणाली.

"हे नाही. आतली फळी धरायची."

"तेच ते, बाबा."

खरंच तेच होतं. फळीच्या त्रासापायी पेटी केली आणि पेटीला पुन्हा तसंच झाकण केलं. मापं घेताना, पत्रा कापताना, बिजागरी बसवताना माझ्या डोळ्यासमोर झाकण उघडं असायचं. ते कोणी धरलंय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"हरलो मी," मी म्हणालो. "सांग त्यांना न्यायला."

ती बराच वेळ झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हात मी लावला. अट मी मोडली. पुढच्या रविवारी परत."

चिमट्याला बोलावलं तेव्हा मी जरा घुश्शातच होतो. "तू चार वेळा उघडलंस ना झाकण? एका शब्दाने बोलला नाहीस."

"मला वाटलं, झाकण वहिनी..." एवढं म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मग वेल्डिंगचा चष्मा डोळ्यावर ओढून तो नुसताच बसून राहिला. मशीन सुरूसुद्धा केली नव्हती.

वरचं झाकण आम्ही कायमचं बंद केलं आणि डाव्या अंगाला दार कापलं. बिजागऱ्या खाली, दोन्ही बाजूंना साखळ्या. कडी काढली की दार खाली येतं, साखळ्या ताठ होतात आणि आडवी फळी तयार होते. सामान ओढून तिच्यावर घ्यायचं. दोन्ही हात मोकळे.

रविवारी लेक हात मांडीखाली दाबून बसली. तंबू निघाला, लागला, उतरला, परत आत गेला. स्टोव्ह, कॅन, खुर्च्या, सगळं गेलं. मी कडी लावली आणि तिच्याकडे वळलो. ती खूश दिसली नाही.

"केलंत की," ती म्हणाली. तिने शब्द पाळला आणि पुढे काही बोलली नाही. जाताना चप्पल घालायला मात्र तिला फार वेळ लागला.

आठवड्याने मी निघालो. तळ्याकाठी चाकांना ठोकळे लावले, दार खाली घेतलं. सगळं जसं ठरवलं होतं तसं निघालं. कुठे अडलं नाही, कुणाला हाक मारावी लागली नाही. शेजारच्या तंबूतला माणूस "हात देऊ का?" म्हणत आला, तर मी "झालंच" म्हणालो, आणि खरंच झालं होतं. दुपारसुद्धा झाली नव्हती. पूर्वी आम्हाला उन्हं उतरेपर्यंत वेळ लागायचा, कारण तंबूचं तोंड कुठे करायचं यावरून आधी भांडण व्हायचं. मी तोंड तळ्याकडे केलं. ही असती तर म्हणाली असती, वारा सगळा आत येईल. तो येतच होता.

मग करायला काही उरलं नाही. साखळ्यांचे स्क्रू पक्के होते, ते पुन्हा आवळले.

लेकीचा फोन आला. "लागला तंबू?"

"लागला."

"पाठ?"

"आहे जागेवर."

"आता काय करताय?"

"बसलोय."

"बाबा, उद्या मी येऊ? एक दिवस रजा टाकते."

ये म्हणायचं होतं. पण दोन रविवार ज्यासाठी झगडलो ते एका दिवसात परत करायचं, म्हणून जीभ रेटेना. "बघ तुझ्या सोयीने," मी म्हणालो.

"म्हणजे येऊ की नको?"

वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत होतं. मी उठून एका हाताने ते दाबून धरलं.

"इथे वारा फार आहे," मी म्हणालो. "स्वेटर घेऊन ये."