सुकटीच्या खोलीतला बर्फ

आमच्या दिपेशला वाऱ्याची अक्कल नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माहुलच्या कोळ्याचा पोरगा, आणि वारा कुठून येतो, कुठे जातो हे कळत नाही! पण तो माझ्या धाकट्या भावाचा, अनंताचा, एकुलता एक. त्याला कोण बोलणार?

त्याने बापाला बोट विकायला लावली आणि त्या पैशांत बारा मशिनी आणल्या. त्यांनी दिवसरात्र गणितं सोडवायची आणि त्यातून म्हणे इंटरनेटवरची नाणी मिळवायची. त्या ठेवायला जागा कुठली? तर माझी सुकटीची खोली. तीस वर्षं मी तिथे सुके बोंबील ठेवले. आता माझ्या टोपल्या अंगणात, कावळ्यांच्या तोंडी.

मांडणी तरी धड करावी! दोन रांगा, आणि एकीची पाठ दुसरीच्या तोंडाकडे. पहिलीने ओकलेली गरम हवा दुसरीने गिळायची. तासाभरात दुसरी रांग तापून बंद.

"अरे, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे कर, पाठी दाराकडे," मी म्हटलं. "दारात मोठा पंखा लाव, गरम हवा बाहेर फेकेल. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालतो तेव्हा एका रांगेचा वारा दुसरी अडवते का?"

"आत्या, हे बोंबील नाहीत गं," तो हसला. "टेक्नॉलॉजी आहे. तू नको डोकं लावू."

बरं बाबा, नाही लावत.

मग साहेबांनी स्वतःचं डोकं लावलं. मासळीचे क्रेट आणले, बर्फाच्या चुऱ्याने भरले, जास्त गार व्हावं म्हणून वर मूठमूठ मीठ टाकलं, आणि मागे पंखे ठेवले. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि शेवटी सुचलं काय, तर पापलेट टिकवायची युक्ती!

"झकास ना, आत्या?"

खोली खरंच गार झाली होती. भिंतींना पाणी सुटलं होतं, आणि पंख्यांनी उडवलेले शिंतोडे माझ्या हातावर बसले. मी जिभेला लावून पाहिलं. खारट.

त्या खोलीत खारवलेल्या मासळीपाशी ठेवून माझे तीन तराजू गंजले होते. मीठ लोखंडाचं काय करतं हे मला कोणी शिकवायला नको. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण मनात आलं, होऊ दे वाटोळं, माझी खोली तरी सुटेल. मी मूग गिळून गप्प बसले.

तीन आठवड्यांत बाराच्या बारा मशिनी गेल्या. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं तर आत हिरवा गंज. "वाट लागलीय हिची. भंगारात टाका," तो म्हणाला. दिपेशने मान खाली घालून खोली रिकामी केली. टेक्नॉलॉजी हातगाडीवरून गेली.

मी खोली धुऊन काढली, खिडकी-दार उघडलं. वारा आरपार गेला. मला इतकं बरं वाटलं की गाणं म्हणावं. वलांड्यांचे बांबू नव्याने बांधले आणि सवयीने अनंताला हाक मारली, "ओले बोंबील कधी आणतोस रे?"

तो पायरीवर बसला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"कशातून आणू, ताई?"

त्याची बोट त्या मशिनींत गेली होती, आणि मशिनी मरताना मी नुसती बघत होते. मला माझीच लाज वाटली. मी आत गेले आणि खिडकी लावून घेतली.