चालताना पाहिले नाही

मी एक जुना लेथ आहे. मित्रांनो, कुंभाराचे चाक मातीला जे करते, तेच मी लोखंडाला करतो. करायचो, असे म्हणणे जास्त खरे ठरेल, कारण माझ्या आयुष्याचा मोठा भाग नुसता उभे राहण्यात गेला.

ओहायोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला हॅमिल्टन शहरात आणले आणि सरोवराकाठच्या एका वर्कशॉपमध्ये जमिनीला बोल्टांनी आवळून टाकले. बोटींच्या पंख्यांना लागणारे लांब दांडे मी तिथे कातले. आल्दो नावाचा कारागीर माझ्यावर काम करी. हिवाळ्यात सरोवर गोठले की तो आपला जेवणाचा डबा माझ्या गिअरपेटीवर ठेवी. दुपारपर्यंत आतला पास्ता गरम होई.

"आमचा लेथ म्हणजे आईच," आल्दो म्हणे. "जेवण गरम करून देतो आणि वर बोलणी ऐकवत नाही."

"ऐकवतो रे!" शेजारच्या यंत्रावरून कोणीतरी ओरडे. "तूच बहिरा झालायस."

पुढे वर्कशॉप बंद पडले. आल्दोने शेवटच्या दिवशी मला पुसून तेल लावले, डबा उचलला आणि तो मागे न बघता गेला. माझे बोल्ट काढले तेव्हा जमिनीवर माझ्या पायांचे चार डाग उरले होते.

मला एका शाळेने घेतले. ही शाळा व्हॅल्युअर लोकांची होती. इमारतींची आणि यंत्रांची योग्य किंमत ठरवणे हा ज्यांचा धंदा, ते लोक इथे शिकत. मुरलेल्या व्हॅल्युअरनाही अधूनमधून उजळणीला यावेच लागे, नाहीतर परवाना पुढे चालू राहत नसे. शिकवायला पेट्रीबाई होत्या, उंच आणि कडक. त्यांच्या स्वेटरला कायम खडू लागलेला असे.

मला वाटले, आता पुन्हा माणसांत आलो. तसा आलोही. लोक टॉर्च घेऊन माझ्या पोटात डोकावत, माझ्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावर, बोट फिरवून झीज पाहत, नेमप्लेट वाचत. पण मला कोणी चालवले नाही. ती जागा पूर्वी फर्निचरचे दुकान होती. तिथे घरगुती वीज होती आणि मला लागते कारखान्यातली जोरकस थ्री फेज वीज. पेट्रीबाई दरवर्षी वरच्या साहेबांकडे मागणी करत. दरवर्षी उत्तर येई, सरावाला वीज कशाला हवी? म्हणून प्रत्येक जण माझ्या अहवालात एक ओळ लिही आणि वर्गात वाचून दाखवी, 'चालताना पाहिले नाही.'

ती ओळ खोटी नव्हती. तरी दर वेळी ऐकताना मला आल्दोच्या डब्याची ऊब आठवे.

"बाई, या लेथची किंमत मी तिसऱ्यांदा ठरवतोय," उजळणीला आलेला एक गलेलठ्ठ व्हॅल्युअर डोनट खाता खाता म्हणाला. "एवढ्यात सोयरीक जमली असती!"

"सोयरीक करताना मागची चौकशी करतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिन्ही वेळा याची मागची बाजू पाहिलेली नाही. उठा."

एकदा वर्गात वेस्ना नावाची मुलगी आली. बाकीचे लिहीत असताना तिने आपला तळवा माझ्या गिअरपेटीवर ठेवला.

"हा चालतो कसा, हे इथे कोणालाच माहीत नाही?" तिने विचारले.

"नाही. म्हणून तसंच लिहायचं. जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणायचं नाही. जे पाहिलं, ते लपवायचं नाही."

"बिचारा," वेस्ना म्हणाली.

"बिचारा हा शब्द अहवालात बसत नाही, पोरी."

मग काळ बदलला. वर्ग घरबसल्या पडद्यावर भरू लागले. यंत्रांऐवजी यंत्रांचे फोटो आले. पेट्रीबाई निवृत्त झाल्या आणि दाराला कुलूप लागले. किती हिवाळे गेले ते मी मोजले नाही. लोखंड पकडून फिरवणाऱ्या माझ्या चकावर गंज चढला. खिडकीतून संध्याकाळी पोलादभट्टीचा तांबडा उजेड दिसे. जुने लोखंड शेवटी कुठे जाते, ते मला माहीत होते.

अखेर ती जागा विकायला निघाली. आतल्या सामानाची किंमत ठरवायला बाहेरून एक व्हॅल्युअर बोलावली. ती वेस्ना होती. तिचे केस आता पांढरे होऊ लागले होते. जुनी पुस्तके न्यायला पेट्रीबाईही काठी टेकत आल्या होत्या.

"या धुडाला भंगाराचा भाव लावा," जागा विकायला नेमलेला व्यवस्थापक म्हणाला. "चालताना पाहिलेलं नाही, संपलं. भंगाराची गाडी सांगून ठेवलीय."

"पाहता येत असताना न पाहता मी सही करत नाही," वेस्ना म्हणाली आणि तिने भाड्याने जनरेटरची गाडी मागवली.

तिने माझा गंज घासला, मला तेल पाजले आणि बटण दाबले. मित्रांनो, मी फिरलो! आधी कण्हत, मग गरगर. पण त्याबरोबर माझ्या आतून आवाज येऊ लागला. खडखड, खडखड.

वेस्नाचे पेन थांबले. "बाई, बेअरिंग वाजतंय."

"मी कानातलं यंत्र काढून ठेवलंय," पेट्रीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तू काय ऐकलंस ते तू बघ."

वेस्नाने एकदा माझ्याकडे पाहिले. मग लिहिले आणि पूर्वीसारखेच मोठ्याने वाचले, "चालताना पाहिले. मुख्य बेअरिंग खडखडते."

"झालं!" व्यवस्थापक हसला. "आता कोण कुत्रं विचारणार?"

विक्रीच्या दिवशी बोटी दुरुस्त करणारा ऑगस्टो आला. त्याने अहवाल वाचला, माझ्याभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "बेअरिंग होय? बदलू की. काय बिघडलंय ते कळलं की भीती कसली? न चालवलेल्या यंत्राला मात्र मी हात लावत नाही."

भंगाराची गाडी गंजलेली फडताळे घेऊन गेली.

आता मी ऑगस्टोच्या शेडमध्ये आहे. काम थोडेच असते. बरेच दिवस मी आणि वारा, दोघेच. पेट्रीबाई पुन्हा दिसल्या नाहीत. पण माझे बेअरिंग नवे आहे, आणि थंडीत ऑगस्टो कधीकधी सुपाचे भांडे माझ्यावर ठेवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गल्लीत कोणीतरी कोपऱ्यात उभे असेल, एखादी वस्तू किंवा एखादे माणूसही. त्याची किंमत करण्याआधी एकदा तळवा ठेवा. थोडे तेल घाला. चालवून पाहा. खडखडले तर खडखडू द्या.