बुटांची पिल्लं

आमच्याकडे एकच नियम आहे आणि तो मामाने केलेला आहे: वरचं वर, खालचं खाली. वर आम्ही राहतो, म्हणजे आई, मामा आणि मी. खाली मामाचं कोंबडीचं दुकान. मधे सिमेंटचा अरुंद जिना. दुकानातलं वर आणायचं नाही, एक पीसही नाही. आणि घरातलं काही खाली गेलं तर ते दुकानाचं झालं, परत मागायचं नाही. लहानपणी माझा लाकडी ठोकळा जिन्यावरून गडगडत खाली गेला होता, तो आजही वजनकाट्याच्या डुगडुगत्या पायाखाली आहे. मी रडले होते तेव्हा. मामा म्हणाला होता, "रडून काय होतंय, खाली गेला ना?"

नियम मोडला तो मी. म्हणजे मी नाही, अंड्यांनी. हॉटेलवाल्यांसाठी मामा अधूनमधून बदकंही आणायचा. ती घेऊन आलेल्या गाडीत, पिंजऱ्यांच्या तळाशी, पेंढ्याखाली नऊ अंडी निघाली. मामा फेकणार होता. मी शाळेतून आलेच होते, आणि वादविवाद स्पर्धा जिंकून आल्यापासून मला कुणाशीही वाद घालायची इतकी खुमखुमी होती की विचारू नका. वर्षभरापूर्वी मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. आता मामाला म्हणाले, "अंडी अजून कुणाचीच नाहीत. जन्मल्याशिवाय खालची कशी?"

मामा बघतच राहिला. "ने बाई वर. वकीलसाहेब जिंकल्या."

त्यांच्या आया मात्र खालच्याच होत्या. त्या संध्याकाळपर्यंत विकल्या गेल्या.

मी थर्माकोलची पेटी केली. आत बल्ब, वाटीत पाणी, एक थर्मामीटर, आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं फिरवलंय ते कळावं. शाळेत जायच्या आधी फिरवायची, आल्यावर फिरवायची, झोपायच्या आधी फिरवायची. आई म्हणायची, "अभ्यासाची पानं एवढी उलटलीस तर पहिली येशील." आई दवाखान्यात कामाला आहे, तिला रोज तपासून बघायची सवय, तीही हळूच पेटीत डोकवायची. चार अंडी वाया गेली. पाच उरली.

आणि ती पाच फुटली ती मी शाळेत असताना! महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसले, आणि ऐन वेळी मी भूगोलाच्या तासाला.

दुपारी मामा जेवायला वर येतो. गुडघ्यापर्यंतचे पांढरे रबरी बूट, खाली पाइपने धुतलेले, तरी आईला ते घरात चालत नाहीत. पण मामाची कंबर धरते, बूट काढायला वाकायचं म्हणजे संकट. आई नसताना तो तसाच येतो. त्या दिवशी त्याने चिवचिव ऐकली, पेटीचं झाकण काढलं, आणि ओली पिल्लं धडपडायला लागली म्हणून ती जुन्या टॉवेलवर काढून जमिनीवर ठेवली. मग खुर्चीत बसून जेवला, आणि जेवल्यावर तिथेच डुलकी काढली. संध्याकाळपर्यंत बूट हलले नाहीत.

मी आले तेव्हा पाचही जण वाळून पिवळीधमक झाली होती आणि दोन बुटांच्या मधे झोपली होती. मी उचललं तर अशी बोंब ठोकली की मामा दचकून उठला.

"तुला बघून घाबरली," मामा म्हणाला. "मला बघून आजवर प्रत्येक पाखरू बोंबललंय. कुणी जवळ येऊन झोपलं ते आज पहिल्यांदा."

दोन दिवस मी त्याच्यावर जळले. मग शोध लागला. रात्री मामा चपला घालून आला तर एकानेही मान वर केली नाही. सकाळी बूट वाजले, फटक, फटक, आणि पाचही जण पेटीच्या भिंतीवर धडका मारायला लागली. मामा नव्हता त्यांची आई. बूट होते.

"अगं, मग बरंच आहे की," आई म्हणाली. "बूट कोपऱ्यात ठेव, गप्प बसतील."

पण तसल्या बुटांची एकच जोडी नव्हती. खाली दुकानात उस्तादच्या पायातही तेच. उस्ताद म्हणजे मामाचा कापणारा माणूस, बोलायला कंजूस, हाताला चलाख. त्याचे बूट खालच्या ओल्या फरशीवर दिवसभर वाजायचे. आणि वर माझी पिल्लं त्या आवाजाकडे तोंड करून, माना ताठ करून, फरशीला कान लावल्यासारखी उभी राहायची. मग खाली पिंजऱ्याचं दार वाजायचं. थोडी फडफड. मग पाइपचं पाणी. पिल्लं तेव्हाही तशीच उभी. शेपट्या हलवत.

मी ते ऐकू येऊ नये म्हणून मोठमोठ्याने भाषणं करायचे. उस्ताद मला लाउडस्पीकर म्हणतो ते तेव्हापासून.

बाकी मी सगळं नीट केलं, बरं का. खोक्यात कागद नाही घातले, कागदावर पाय घसरून फाकतात. जाड कापड घातलं. पाण्याच्या बशीत गोटे ठेवले, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. खाणं भिजवून, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, पालेभाजी बारीक चिरून. सगळ्यांना वाटतं बदक म्हणजे सोडा पाण्यात. अजिबात नाही! आईविना वाढलेल्या पिल्लाच्या अंगाला तेल नसतं, भिजून गारठतात. मी परातीत कोमट पाणी घेऊन जरा वेळ डुंबू द्यायचे आणि लगेच टॉवेलने पुसून बल्बखाली. नावंही ठेवली: झोपाळू, बोंबल्या, दोघी सारख्याच दिसणाऱ्या जुळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे धावणारं ते पुढारी. पुढारीला कशाचीच भीती नव्हती. ते मला आवडायचं. माझ्यासारखंच होतं ते, नव्यानेच धीट झालेलं.

मग एक दिवस हॉटेलचा आचारी खाली उभा राहून मामाशी बोलताना मी जिन्यातून ऐकलं. त्याच्याकडे मोठ्या जेवणाची ऑर्डर होती. कोवळी बदकं हवी होती.

"वर आहेत ना तुझ्याकडे?" आचारी म्हणाला. "आवाज येतो की."

"वरची आहेत ती," मामा म्हणाला.

"कुठवर वर ठेवणार? मोठी झाली की खोलीत बदकं पाळणार का?"

मामा हसला आणि म्हणाला, "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे काय ते मला माहीत आहे. सायकलचं बघू झालं होतं, सहलीचं बघू झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेच्या वाटेवरच्या झाडांच्या नर्सरीत घुसले. तिथल्या काकूंकडे तळं आहे, छोटं, कमळांचं, आणि गोगलगायी त्यांची रोपं फस्त करतात. बदकं गोगलगायी फस्त करतात. मी असं काही भाषण ठोकलं की काकू हात जोडून म्हणाल्या, "पुरे गं बाई, आण. पण पिसं फुटू देत आधी. मग येईल त्या रविवारी आण, तोवर कुंपणाचं भोक बुजवते."

म्हणजे आता एवढंच करायचं होतं: पिसं फुटेपर्यंत पाचही जणांना वर ठेवायचं.

आणि मला कल्पना सुचली. मामाच्या जुन्या बुटांची जोडी माळ्यावर होती. एकाला टाचेजवळ चीर. मी आत पेपर कोंबून ते घातले. काय सांगू! पाचही जण धावत आली, पायात लुडबुडली, बुटांना चोची घासल्या. इतक्या आठवड्यांनी ती माझी झाली. मी खोलीभर फिरले, ती मागे. गॅलरीत गेले, मागे. मग जिना. पहिल्या दिवशी ती पायरीवर अडली, मी दोन पायऱ्या खाली उभी राहून बूट आपटले, हातात भिजवलेले दाणे धरले, आणि पुढारीने उडी मारली. मग बाकीच्यांनी. आठवडाभरात ती धबाधब जिना उतरायला लागली. आम्ही मागच्या दाराने गल्लीत फेरी मारायचो. लोक खिडक्यांतून बघायचे, मी मान डोलवत चालायचे, एखाद्या सेनापतीसारखी.

एका संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा मामा मागच्या दारात उभा होता. हसत नव्हता.

"जिना कुणी शिकवला त्यांना?"

"मी!"

"खाणं दाखवून?"

"हो. हुशार आहेत, लगेच शिकली."

मामाने माझ्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या. "छान शिकवलंस. आता कुणाला वर येऊन धरायलाही नको. बूट वाजवले की पुरे."

मला आधी ते कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि हातातले दाणे मी खिशात लपवले.

मी बूट माळ्यावर फेकले. दाराची कडी दोनदा तपासायला लागले. आईला म्हणाले, मामाला म्हणाले, दार लावा, दार लावा, दार लावा. मामा म्हणाला, "कळलं गं, लाउडस्पीकर." खांद्यांवर पांढरी पिसं फुटली होती. शुक्रवार होता. रविवारला फक्त शनिवार आडवा होता, आणि शनिवारी अर्धीच शाळा.

शनिवारी दुपारी मी धावत घरी आले. शटर अर्धं खाली होतं. भर दुपारी ते कधीच खाली नसतं. वर बघितलं तर आमचं दार सताड उघडं.

मी वर गेलेच नाही. वाकून शटरखालून आत शिरले.

मामा फरशीच्या मधोमध अनवाणी उभा होता. मी त्याची पावलं पहिल्यांदाच एवढी नीट बघितली. पांढरीफटक, सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. त्याच्यापासून दोन हातांवर त्याचे बूट उभे होते, रिकामे. आणि बुटांना अंग चिकटवून माझी पिल्लं बसली होती. झोपाळू झोपलं होतं. बोंबल्या. दोन्ही जुळ्या.

"जेवून खाली येत होतो," मामा हळू आवाजात म्हणाला. "फोन आला आचाऱ्याचा. बोलत उतरलो. मागे बघितलं नाही."

फोनवर काय ठरत होतं ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

"पुढारी?"

मागे, कापायच्या ओंडक्याशी, उस्ताद पाठमोरा उभा होता. त्याने पाइप सोडला होता आणि तेच तेच धूत होता.

"मला काय माहीत, ताई," तो न वळता म्हणाला. "खाली आलेलं ना. मी धरायलासुद्धा वाकलो नाही. स्वतःहून आलं आणि माझ्या बुटावर मान टेकवली."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या!

मामा बुटांकडे बघत होता. "इतकी वर्षं पळणाऱ्यांना धरतोय मी. धावत येणारं पहिल्यांदा बघितलं. पाय हलवता येईना, म्हणून काढून ठेवले." मग तो माझ्याकडे वळला. "घाल ते बूट आणि ने यांना. आत्ता."

"खोकं वर आहे..."

"वर जाऊ नकोस. आचारी निघालाय तिकडून. तो समोर उभा राहिला की मी नाही म्हणेन, असं मला वाटतंय. पण नक्की माहीत नाही. म्हणून आत्ता ने."

मी चपला काढल्या आणि त्याच्या बुटांत पाय घातले. आत ते अजून कोमट होते. पाऊल उचललं तशी चौघं उठली, अंग झटकलं, आणि खूश होऊन मागे लागली. मामाने शटर वर केलं.

रस्त्यात ऊन होतं. मोठे बूट पायातून निसटत होते. दुकान ओलांडून थोडं पुढे गेलो असू, तेवढ्यात मागे बादली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग फटक, फटक. उस्ताद पाणी फेकायला बाहेर आला होता.

चौघांच्या माना एकदम मागे वळल्या.

मी बूट आपटला. मग दुसरा. माझी भाषणं त्यांना कधीच कळली नव्हती, म्हणून नुसतीच आपटत राहिले, त्याच्यापेक्षा जोरात, त्याच्यापेक्षा भराभर, टाच सोलवटून ओली झाली तरी. एक जुळी जागची हलली नाही. ती दोन्हीकडे बघत होती. मी मागे वळून तिला उचलायला गेले असते तर बाकीची तिघंही वळली असती.

मी वळले नाही. पुढे तोंड करून आपटत राहिले, आणि मागून पंजांचा आवाज किती जणांचा येतोय ते ऐकत राहिले.