पेनफोल्डसाहेबांची तलवार

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या जोनबाईंच्या दारातल्या स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, मला तलवार दिसली. मोडक्या खुर्च्या, जुन्या गाद्या, आणि त्या कचऱ्यात म्यानासकट तलवार! माझं डोकंच फिरलं. बाई सत्त्याऐंशीच्या, सोमवारी रिटायरमेंट व्हिलेजमध्ये जाणार, सामान कमी करणार हे कबूल. पण तलवार कुणी टाकतं?

"अहो, ही कुणाची?" मी कुंपणावरूनच विचारलं.

"वडिलांची. ठेवून काय करू? अभिमान वाटावा असं काही नाही त्यात."

मी बरी ऐकून घेईन! इथे न्यूझीलंडला मुलाकडे, राघवकडे यायच्या आधी पुण्यात जन्मभर शाळेत मुलं बोलती केली आहेत मी. बाईंना घरात आणून चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं.

बाईंचे वडील आर्थर पेनफोल्ड पंधराव्या वर्षी ब्रिटिश आरमारात शिरले. चीनच्या समुद्रात चाच्यांच्या मागे लागले, ऐन तिशीत स्वतःच्या युद्धनौकेचे कमांडर झाले. मग पहिलं महायुद्ध. धुक्यात, खडकाळ किनाऱ्याजवळ, एक मालवाहू बोट बुडत होती. हुकूम होता, कुणासाठी थांबायचं नाही. साहेब थांबले. पाण्यातली माणसं वर ओढली, आणि तेवढ्यात त्यांचीच नौका खडकावर चढली. माणसं वाचली, नौका गेली. नौदलाच्या कोर्टानं दोषी ठरवलं, करिअर तिथंच संपलं. साहेब न्यूझीलंडला आले आणि कोंबड्या पाळत बसले. शाळेत पोरं जोनबाईंना 'बोटबुडव्याची पोर' म्हणायची. तेव्हापासून बाईंनी वडिलांचं नाव घेणंच टाकलं.

"लाज कसली वाटते हो?" मी फाडकन म्हणाले. "बोट दुसरी बांधता येते. माणसं येतात का बांधता?"

"कोर्टात सगळे दर्यावर्दी होते, उर्मिला. त्यांना समुद्र कळत होता. तुला नाही कळत."

मी म्हटलं, "बरं, एक दिवस तरी द्या. उद्या आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. आमच्या घरात शस्त्र म्हणजे विळी आणि राघवचा लॅपटॉप!" बाई पहिल्यांदा हसल्या. जेवायलाही या म्हटलं.

सकाळी आमचे हे कुरकुरले, "इंग्रजाच्या तलवारीला कुंकू? शोभतं का?"

"माणसं बुडू दिली नाहीत त्यांनी. शूराला शूर म्हणायला काय जातं आपलं? झेंडू आणा तो इकडे."

जोनबाई वेळेवर आल्या. त्यांना पाटासमोर खुर्ची दिली. मी तलवार म्यानातून काढून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली, ओवाळलं. वळून बघते तर बाई पांढऱ्याफटक.

"अशी का ठेवलीस? मूठ माझ्याकडे करून?"

"काही चुकलं का? आमच्यात पाहुण्याकडे टोक करत नाहीत. सुरीसुद्धा मुठीकडून देतात."

बाई हळूहळू म्हणाल्या, "नौदलाच्या कोर्टात निकाल आधी तलवार सांगते. आरोपीला आत बोलावतात, तेव्हा त्याचीच तलवार टेबलावर असते. टोक त्याच्याकडे असेल तर दोषी. मूठ त्याच्याकडे असेल तर निर्दोष. बाबा ते टोक मरेपर्यंत विसरले नाहीत."

मला रडूच आलं. पण मास्तरीण ती मास्तरीणच. डोळे पुसले आणि म्हणाले, "मग ऐका. कोर्ट चुकलं. आमच्या घरचा निकाल हा असा आहे, आणि दसऱ्याच्या पूजेवर अपील नसतं!"

आमचे हे उठले आणि तलवारीला वाकून नमस्कार केला. एवढा अभिमान मला त्यांचा लग्नातही वाटला नव्हता.

बाईंनी तलवार परत नेली. कुंकू पुसू दिलं नाही.

सोमवारी सामान न्यायला ट्रक आला. ड्रायव्हरनं तलवार उचलली आणि विचारलं, "ही स्किपमध्ये ना?"

"खाली ठेव," जोनबाई कडाडल्या. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "कमांडर आर्थर पेनफोल्डची तलवार आहे ती. मी त्यांची मुलगी."